हरवलेले स्वर आणि विसरलेलीं नांवें

(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्ही जो विषय बोलण्यास घेतला आहे, तो ऐकून कित्येकांस नवल वाटलें असेल. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या, आणि त्याहि कोणी नांव न ऐकलेल्या गाणाऱ्यांच्या! अशा उत्सवांत त्यांचें काय प्रयोजन, असा प्रश्न सहजच मनांत येतो. त्याचें उत्तर आम्ही आरंभींच देऊन ठेवतों. पन्नास वर्षांचा उत्सव म्हणजे मुख्यतः स्मरणाचा उत्सव होय. आणि स्मरण कोणाचें होतें व कोणाचें राहून जातें, याचा विचार केल्यावांचून असा उत्सव पुरा होत नाहीं.

संत लुकाच्या शुभवर्तमानांत, पंधराव्या अध्यायांत, हरवलेल्यांचे तीन दृष्टांत आहेत, ते आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. मेंढरूं हरवतें, नाणें हरवतें आणि पुत्र हरवतो. मेंढरूं निदान ओरडूं शकतें. पुत्राला आपल्या पायांनीं घरीं परत येतां येतें. पण नाण्याला वाचा नाहीं आणि पायहि नाहींत. तें सांपडावें अशी इच्छा असेल तर घरच्या बाईनें दिवा लावून, केर काढून, कोनाकोपरा धुंडाळला पाहिजे. जुनी तबकडी ही त्या नाण्यासारखी आहे. तिच्यांत वाचा कोंडलेली असते खरी. परंतु कोणी शोधून, पुसून, यंत्रावर ठेवीपर्यंत ती मुकीच असते. आणि आमचें आजचें विशेष सांगणें असें आहे कीं, तबकडी सांपडली म्हणजे शोधाचें अर्धेंच काम झालें. ज्या माणसाचा तो स्वर, त्याचें नांव सांपडेपर्यंत तो माणूस हरवलेलाच राहतो.

आपल्या देशांत गाणें तबकडीवर उतरविण्याचा उद्योग १९०२ सालीं कलकत्त्यास सुरू झाला. ग्रामोफोन कंपनीनें फ्रेड गैसबर्ग नांवाच्या गृहस्थांस त्या कामीं पाठविलें होतें. त्या वेळीं विजेचा ध्वनिग्राहक नव्हता; तो १९२५ च्या सुमारास प्रचारांत आला. गाणाऱ्यानें एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावें, आणि त्या कंपानें हलणाऱ्या सुईनें मेणाच्या जाड चकतीवर रेघ कोरावी, अशी ती रीत होती. गाणें तीन मिनिटांच्या आंत आटोपावें लागे. मेणाच्या त्या चकत्या मग पेट्यांत भरून जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं जात, तेथें त्यांवरून तबकड्या निघत, आणि त्या पुन्हां समुद्रमार्गें इकडे विक्रीस येत. हॅनोव्हरच्या कारागिरांस आपल्या भाषांचें काय ज्ञान असणार? म्हणून गाणें संपतांच गाणाऱ्यानें आपलें नांव मोठ्यानें उच्चारावें असा पाठ पडला. गौहरजान यांच्या तबकडीच्या अखेरीस त्यांच्याच तोंडचें त्यांचें नांव आजहि ऐकूं येतें तें याच कारणानें.

परंतु गौहरजानचें गाणें त्या वर्षीं ११ नोव्हेंबर रोजीं उतरविलें गेलें. त्याच्या तीन दिवस आधीं, ८ नोव्हेंबर रोजीं, कलकत्त्याच्या क्लासिक थिएटरांतील शशिमुखी आणि फणिबाला या दोन कोवळ्या वयाच्या मुली त्या कर्ण्यापुढें गाऊन गेल्या होत्या. गौहरजानचें चरित्र पुढें लिहिलें गेलें. तिच्या आधीं गाणाऱ्या या दोघींची ओळख मात्र त्या एका दिवसापुरतीच उरली. गैसबर्गनें तर त्यांच्या आवाजांस नांवें ठेवून त्यांची बोळवण केली. तरीहि त्यांचीं नांवें निदान लिहून ठेवलेलीं आहेत. त्यांच्या मागून आलेल्या कितीएक गाणाऱ्यांच्या वांट्यास तेवढेंहि आलें नाहीं. कोणाचें नांव पट्टीवर अशुद्ध छापलें गेलें, कोणाचें साथीदार म्हणून वगळलें गेलें, आणि कोणीं तें आपण होऊन झांकलें. कुलीन घरच्या स्त्रियांनीं तबकडीसाठीं गाणें हें त्या काळीं शोभत नसे. म्हणून देशबंधु चित्तरंजन दास यांच्या भगिनी अमला दास यांचीं गाणीं 'मिस दास, अमॅच्युअर' एवढ्याच नांवानें बाहेर पडलीं. लोकलज्जेनें झांकलेलें नांव पुढल्या पिढीस कोडें होऊन बसतें.

तबकड्या हरवल्या कशा, तेंहि थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दगडाची पूड, काजळी आणि लाख यांच्या मिश्रणाची ती वस्तु. त्यांतील लाख बहुतेक आपल्याच देशांतली, विशेषतः छोटा नागपूरच्या पळस-कुसुंबाच्या झाडांवरची. जगांतील कोठल्याहि शहरांत गाणें वाजो, त्या गाण्याच्या तबकडींत आपल्या वनवासी बांधवांनीं खरवडून काढलेली लाख बहुधा असे. त्यांचें नांव तर कोणीच विचारलें नाहीं. अशी तबकडी हातून पडली कीं फुटे, उन्हांत ठेवली कीं वांकडी होई, आणि बोथट सुईनें झिजून जाई. दुसऱ्या महायुद्धांत लाखेची आयात अडली, तेव्हां अमेरिकेंत नवी तबकडी घेतेवेळीं जुन्या तबकड्या मोडींत द्याव्या, असाहि पायंडा पडला. ज्या वस्तूला मोडीचा भाव येतो ती कोणी जपून ठेवीत नाहीं.

या हानीचें आणि त्यामागून झालेल्या शोधाचें सर्वांत ठळक उदाहरण त्या अमेरिकेंतच घडलेलें असल्यामुळें आतां आम्ही आपणांस तिकडे नेतों. १९२० नंतर तेथील कंपन्यांच्या ध्यानांत आलें कीं, गुलामगिरींतून सुटलेल्या कृष्णवर्णीय लोकांची संततीहि तबकड्या विकत घेते. तेव्हां त्यांच्यासाठीं त्यांच्याच लोकांचीं गाणीं उतरविण्याची चढाओढ लागली. शेतमजूर, हमाल, आंधळे भिक्षेकरी, फिरते उपदेशक अशा कोणासहि बोलवावें, एकवार कांहीं डॉलर हातावर ठेवावे, आणि गाणें आपलें करून घ्यावें. पॅरामाउंट नांवाचा छाप तर विस्कॉन्सिन प्रांतांतील एका खुर्च्या बनविणाऱ्या कारखान्याचा होता! फोनोचीं लांकडी कपाटें खपावीं म्हणून त्यांनीं तबकड्या काढल्या. १९२९ मध्यें मंदी आली, खप बसला, आणि थोड्याच वर्षांत तो व्यवसाय बंद पडला. ज्या धातूच्या सांच्यांवरून तबकड्या निघत, ते सांचे मोडींत गेले. उरल्यासुरल्या तबकड्या कामगारांनीं नदींत भिरकावल्या अशी दंतकथा आहे. पुढें पाणबुड्यांनीं नदीचा तळ धुंडाळला, परंतु हातीं कांहीं लागलें नाहीं.

मग तीं गाणीं वांचलीं कोठें? तीं वांचलीं गरिबांच्या घरांत. पलंगाखालीं, माळ्यावर, अंगणांतल्या खोपटांत. पुढील पिढींतील कांहीं तरुण संग्राहक दक्षिणेकडील वस्त्यांतून दारोदार हिंडले आणि जुन्या तबकड्या आहेत का म्हणून विचारूं लागले. दिवा घेऊन घर झाडणाऱ्या त्या बाईचेंच हें काम होय. १९५२ सालीं हॅरी स्मिथ नांवाच्या अशाच एका संग्राहकानें निवडक ८४ गाणीं एकत्र करून प्रसिद्ध केलीं, आणि वीस-पंचवीस वर्षें झोंपीं गेलेले आवाज पुन्हां लोकांच्या कानीं पडूं लागले. येथवर नाणें सांपडल्याची कथा झाली. पुढील कथा माणसें सांपडल्याची आहे. तिचे तीन प्रकार आम्ही आपणांपुढें ठेवतों.

पहिला जॉन हर्ट. हा मिसिसिपी प्रांतांतील अव्हॅलॉन नांवाच्या लहानशा वस्तींत राहणारा गरीब शेतकरी. दुसऱ्याची जमीन अर्धेलीनें करावी आणि रात्रीं शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठीं गिटार वाजवून मृदु स्वरांत गावें, हा त्याचा क्रम. १९२८ सालीं ओके कंपनीनें त्यास फेब्रुवारींत मेम्फिसला आणि डिसेंबरांत न्यूयॉर्कला बोलावून त्याचीं गाणीं उतरविलीं. त्यांत कांहीं भक्तिगीतेंहि होतीं. पुढल्याच वर्षीं मंदी आली, आणि पुन्हां त्यास कोणी बोलाविलें नाहीं. तो आपल्या शेताकडे परतला. स्मिथच्या संग्रहांत त्याचीं दोन गाणीं आलीं तेव्हां हा गृहस्थ केव्हांच मरण पावला असावा असें ऐकणाऱ्यांनीं गृहीत धरलें. परंतु न्यूयॉर्कच्या त्या परक्या थंडींत गातांना त्यानें घरच्या ओढीनें एका गाण्यांत आपल्या गांवाचें नांव गुंफलें होतें. टॉम हॉस्किन्स नांवाच्या तरुणानें तें ऐकलें. चालू नकाशांत तें नांव आढळेना; तेव्हां त्यानें जुना नकाशा काढला, वस्ती हुडकली, आणि १९६३ सालीं तेथें जाऊन दुकानावर चौकशी केली. लोकांनीं सरळ घर दाखविलें. सत्तरीच्या घरांतला जॉन हर्ट तेथेंच होता! त्याच वर्षीं न्यूपोर्टच्या उत्सवांत हजारों लोकांनीं त्याचें गाणें ऐकलें. १९६६ च्या नोव्हेंबरांत त्यानें इहलोक सोडला. पस्तीस वर्षें विस्मृतींत गेलीं आणि तीन वर्षें सन्मानाचीं लाभलीं. ध्यानांत घ्या कीं, त्यास कोणत्याहि कंपनीच्या दप्तरानें शोधून दिलें नाहीं; गाण्यांत सहज आलेल्या एका गांवाच्या नांवानें शोधून दिलें.

दुसरा रॉबर्ट विल्किन्स. याची कथा आपल्या तिसऱ्या दृष्टांताशींच निगडित आहे. त्यानें १९२९ मध्यें मेम्फिस येथें एक लौकिक गाणें तबकडीवर दिलें होतें. पुढें त्यानें तसलीं गाणीं सोडलीं आणि तो उपदेशक झाला. १९६४ सालीं शोधकांनीं त्यास गांठलें, तेव्हां जुन्या चालीवर त्यानें उधळ्या पुत्राची कथा बसविली होती. तीच त्यानें नव्यानें गाऊन दिली. चार वर्षांनीं इंग्लंडांतील रोलिंग स्टोन्स या जगप्रसिद्ध मंडळीनें तें गीत आपल्या तबकडींत घेतलें. परंतु पहिल्या प्रतींवर कर्ते म्हणून त्या मंडळींतील दोघांचींच नांवें छापलीं गेलीं. विल्किन्सचें नांव नंतर घातलें गेलें. दुरुस्ती एका ओळीची; परंतु त्या ओळीवर श्रेय आणि मोबदला हीं दोन्हीं अवलंबून असतात. परत आलेल्या पुत्राच्या बोटांत पित्यानें अंगठी घातली, ती कशासाठीं? हा कोणी उपरा नव्हे, हा या घरचा आहे, हें चारचौघांत सिद्ध व्हावें म्हणून. नांव छापणें हें त्या अंगठीसारखें आहे.

तिसरी कथा दोन स्त्रियांची, आणि ती आम्हांस सर्वांत अधिक चटका लावून जाते. १९३० च्या सुमारास गीशी वायली आणि एल्व्ही थॉमस या दोघी टेक्सासकडून दूरचा प्रवास करून विस्कॉन्सिनांत ग्राफ्टन येथें आल्या आणि पॅरामाउंटसाठीं गायल्या. तीन तबकड्या, सहा गाणीं, एवढीच त्यांची शिल्लक. त्या तबकड्यांच्या जगांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती उरल्या आहेत. जाणते लोक त्या गाण्यांची गणना त्या परंपरेंतील उत्कृष्ट गाण्यांत करतात. परंतु या दोघी कोण, कोठल्या, हें अनेक वर्षें कोणास उमगलें नाहीं. कारण काय, तर पट्टीवर छापलेलें 'एल्व्ही' हें नांवच नव्हतें! त्या बाईचें नांव 'एल. व्ही.' अशीं दोन अक्षरें होतीं. लिहून घेणाऱ्यानें तीं जोडून टाकलीं. शोधणारे एल्व्हीला शोधीत राहिले, आणि एल. व्ही. थॉमस ह्यूस्टन येथें देवळांत जाऊन भजनें गात शांतपणें म्हाताऱ्या होत गेल्या. १९६१ सालीं एका संशोधकानें त्यांची भेट घेऊन त्यांच्याच तोंडून सर्व हकीकत टिपून घेतली होती. परंतु तीं टिपणें त्याच्या कपाटांत पडून राहिलीं. १९७९ सालीं बाई वारल्या. ती हकीकत जगास कळावयास २०१४ साल उजाडलें. गीशी वायलीचें तर छायाचित्रहि उपलब्ध नाहीं. एकदां कंपनीच्या लेखनिकानें हरवलेलें नांव दुसऱ्यांदा शोधकाच्या कपाटांत हरवलें. ज्ञान मिळवून तें कुलुपांत ठेवणें हाहि हरवण्याचाच प्रकार होय.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, नांवाचें एवढें अवडंबर कशाला? आपल्या आज्यापणज्यांनीं जात्यावर बसून सहस्रावधि ओव्या गायल्या, त्यांवर कोणाची सही आहे? गाणें गोड लागलें म्हणजे पुरे. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि म्हणूनच त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे. जात्यावरची ओवी ही मायेनें दिलेली देणगी होती. ती विकली जात नव्हती. तबकडी मात्र विकली गेली. तिच्यावर कोणीतरी नफा मिळविला. जेथें वस्तु विकली जाते तेथें ती घडविणारा मजूर ठरतो, आणि मजुराचें वेतन बुडविणें हें आपल्या धर्मांत मोठें पातक मानलें आहे. गरिबाच्या वेतनांत पैशाइतकाच त्याच्या नांवाचाहि समावेश होतो.

शिवाय, ओवीहि निनांवी राहिलीच पाहिजे असें नाहीं, हें आपल्याच महाराष्ट्रांत सिद्ध झालें आहे. फ्रान्सांतून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी प्वातवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनीं खेड्यापाड्यांतील बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. १९९० च्या पुढल्या दशकांत बर्नार्ड बेल यांच्या साह्यानें त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रितहि झाल्या. या संग्रहाचें थोरपण आम्हांस संख्येंत वाटत नाहीं. ओवीबरोबर गाणारीचें नांव आणि तिचें गांव लिहून ठेवलें, यांत वाटतें. प्वातवाँ २००४ सालीं वारले. पुढें 'पारी' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या दप्तरानें तो संग्रह हातीं घेऊन लोकांसाठीं खुला केला, तेव्हां त्यांचीं माणसें तीं नांवें आणि गांवें हातांत घेऊन पुन्हां त्या बायांच्या दारीं जाऊं शकलीं. जॉन हर्टला शोधण्यास जुना नकाशा लागला. आपल्या ओव्या गाणाऱ्या बायांना शोधण्यास एक नीट लिहिलेली वही पुरली. शेतांत राबणाऱ्या बाईचें नांव लिहून ठेवण्यास पैसा लागत नाहीं, आदर लागतो.

बंधुभगिनींनो, आतां आपल्या घरांकडे वळूं. आपल्यांपैकीं कित्येकांच्या माळ्यावर वाडवडिलांचा फोनो आणि तबकड्यांची पेटी असेल. त्याहून अधिक घरांत कॅसेटी असतील: लग्नाच्या घरचीं गाणीं, नाताळच्या रात्रीचा गायकवर्ग, गांवच्या बँडचें वाजविणें, एखाद्या आजीनें नातवंडांसाठीं म्हटलेलीं गाणीं. या सर्वांचे गाणारे जगाच्या दृष्टीनें अज्ञातच आहेत. आपण त्यांस अज्ञात ठेवावयाचें कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे. म्हणून कांहीं व्यवहाराच्या सूचना करतों.

तबकडी स्पिरिटनें कदापि पुसूं नये. लाख स्पिरिटांत विरघळते आणि गाणें कायमचें जातें. मऊ कोरड्या कुंचल्यानें धूळ झाडावी. तबकड्या एकीवर एक न रचतां उभ्या ठेवाव्या, व उन्हापासून दूर ठेवाव्या. जुनी पोलादी सुई लावून हौसेनें वाजवूं नये. प्रत्येक फेरींत ती तबकडी झिजविते. पट्टीवरील मजकूर आणि पट्टीजवळ कोरलेला आंकडा, दोन्हीं वहींत उतरून घ्यावीं. त्या आंकड्यावरूनच जाणते लोक काळ व स्थळ ठरवितात. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या मंडळीनें अशा नोंदींच्या बळावर पुष्कळ विस्मृत गाणाऱ्यांस उजेडांत आणलें आहे. कॅसेटी तर तबकड्यांहून अल्पायुषी. त्यांच्या संगणकीय प्रती शक्य तितक्या लवकर कराव्या, आणि दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या.

परंतु या सर्वांहून निकडीचें काम निराळेंच आहे. तबकडी आणखी पन्नास वर्षें टिकेल. तो आवाज कोणाचा, हें सांगणारें माणूस टिकणार नाहीं. घरांतील वृद्धांस जवळ बसवून तीं गाणीं ऐकवावीं आणि विचारावें: हा मधला उंच स्वर कोणाचा? व्हायोलिन कोणाचें? ही मुलगी कोणाच्या घरची, आणि लग्न होऊन कोठल्या गांवीं गेली? जें सांगतील तें त्याच दिवशीं लिहावें, नांव त्यांच्याकडून दोनदां म्हणवून घ्यावें, म्हणजे आपल्या वहींत एखादी 'एल्व्ही' जन्मास येणार नाहीं. आणि लिहिलेलें कपाटांत न ठेवतां ज्यांचें तें त्यांच्या मुलांनातवंडांस नेऊन ऐकवावें. आपल्या मेलेल्या आजोबांचा आवाज पहिल्यानें ऐकणाऱ्या नातवाला जें मिळतें, तें आपण त्याला देऊं शकत असतां न देणें आम्हांस तरी उचित वाटत नाहीं.

उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत पित्यानें त्यास दूर असतांनाच पाहिलें आणि ओळखलें. चिंध्या, धूळ, रोडावलेला देह, यांतूनहि ओळखलें, कारण तो वाटेकडे डोळे लावून बसला होता. झिजलेल्या तबकडीच्या खरखरींतून येणारा आवाज असाच चिंध्या पांघरून येतो. त्यास ओळखणारे कान आपल्या धर्मग्रामांत आज आहेत; ते आहेत तोंवर हें काम उरकून घ्यावें, एवढी आमची विनंती आहे.